लोकलची सुरक्षा : कंत्राटापासून कारशेडपर्यंत

मुंबई रेल्वे विकास महामंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये उपनगरी रेल्वेसाठी २,८५६ वातानुकूलित डब्यांची निविदा मागविली. बारा डब्यांची एक गाडी असा हिशेब धरला, तर ही संख्या २३८ गाड्यांची होते. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातील ४७ गाड्यांसाठी ३,४९१ कोटी रुपये आणि ‘तीन-अ’ टप्प्यातील १९१ गाड्यांसाठी १५,८०२ कोटी रुपये अशी तरतूद या खरेदीसाठी आहे. गाड्या पुरविणाऱ्या कंपनीनेच पुढील ३५ वर्षे त्यांची देखभाल करावयाची आणि त्यासाठी मध्य रेल्वेवर भिवपुरी येथे व पश्चिम रेल्वेवर वाणगाव येथे नवी देखभाल केंद्रे उभारावयाची, असे या योजनेचे स्वरूप आहे. याच कामासाठी २०२३ मध्ये निघालेली पहिली निविदा पूर्णत्वास गेली नव्हती.

वाणगाव हे डहाणू तालुक्यातील स्थानक. म्हणजे ज्या व्यवहाराविषयी आपण बोलत आहोत, त्याचे एक टोक आपल्या पालघर जिल्ह्यात आहे आणि दुसरे टोक चर्चगेटला. मधल्या अंतरात आपली माणसे आहेत : पहाटेच्या गाडीने फुले व भाजी घेऊन दादरला जाणारे वसईचे शेतकरी, रात्रपाळी संपवून परतणाऱ्या परिचारिका, विरारला गाडीत शिरता न आल्याने पुढच्या गाडीची वाट पाहणारे नोकरदार आणि महाविद्यालयीन मुले. निविदा, कंत्राट, तांत्रिक अर्हता हे शब्द या मंडळींना दूरचे वाटतात. तथापि त्यांच्या जिवाचा प्रश्न शेवटी याच कागदांवर ठरत असतो. म्हणून हा विषय थोडा सविस्तर समजून घेणे आवश्यक आहे.

मरण कोठून येते?

मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेल्या आकडेवारीनुसार उपनगरी रेल्वेमार्गांवर २०२३ मध्ये २,५९० आणि २०२४ मध्ये २,४६८ जणांचा मृत्यू झाला. दोन गाड्यांची टक्कर होऊन झालेले हे मृत्यू नव्हेत. यांतील सर्वांत मोठा वाटा रूळ ओलांडताना गेलेल्यांचा आहे. त्याखालोखाल धावत्या गाडीतून पडलेल्यांचा. जून २०२४ मध्ये या विषयावरील जनहित याचिकेची सुनावणी करताना, प्रवाशांना गुरांप्रमाणे प्रवास करावा लागतो याची लाज वाटते, अशा आशयाचे उद्गार न्यायालयाने काढले होते.

हे नवे नाही. ज्येष्ठ अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय रेल्वे सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये आपला अहवाल सादर केला. देशभरात रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे १५ हजार माणसे मरतात आणि त्यांपैकी सुमारे सहा हजार एकट्या मुंबईत मरतात, असे त्या अहवालाने नोंदविले आणि या प्रकाराला ‘संहार’ म्हणावे इतक्या कठोर शब्दांत त्याची संभावना केली. त्यानंतरच्या काळात पादचारी पूल, सरकते जिने, कुंपणाच्या भिंती झाल्या आणि मृत्यूंची संख्या निश्चितच खाली आली. मात्र वर्षाला अडीच हजार ही संख्या कोणत्याही सुसंस्कृत समाजाने स्वस्थपणे वाचावी अशी नाही.

हा तपशील प्रथम सांगण्याचे कारण असे की, ‘सुरक्षा तंत्रज्ञान’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर संगणक, मनोरे आणि आपोआप लागणारे ब्रेक येतात. त्यांचे महत्त्व आहेच. पण लोकलच्या प्रवाशाचे मरण बहुधा उघड्या दारातून आणि पूल नसलेल्या फाटकावरून येते. म्हणून कोणत्याही कंत्राटाला विचारावयाचा पहिला प्रश्न हा की, ज्या कारणाने माणसे मरतात त्या कारणावर हा पैसा खर्च होतो आहे काय?

नव्या गाड्यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी ‘होय’ असे आहे. वातानुकूलित गाडीची दारे आपोआप बंद होतात. दारे बंद झाल्याशिवाय गाडी सुटत नाही. अशी पहिली लोकल पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी धावली. त्यानंतर साडेसात वर्षांनी, ९ जून २०२५ रोजी, मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर दारात लोंबकळणारे प्रवासी समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांमधून खाली पडले आणि किमान चार जणांनी प्राण गमावले. साध्या गाड्यांनाही हवेशीर झरोक्यांची, आपोआप बंद होणारी दारे बसविण्याची घोषणा रेल्वे मंत्रालयाने त्यानंतरच केली. दार बंद करण्याची युक्ती २०१७ मध्ये आपल्याकडे होती. ती सर्वांपर्यंत पोहोचविण्याची निकड मात्र नव्हती, असाच याचा अर्थ होतो.

सिग्नलचे तंत्रज्ञान आणि बदलते निर्णय

दुसरा भाग सिग्नल यंत्रणेचा. मोटरमनने लाल सिग्नल ओलांडला तर गाडी आपोआप थांबविणारी साहाय्यक इशारा यंत्रणा मुंबईच्या उपनगरी मार्गांवर काही दशकांपासून आहे. ही यंत्रणा रुळालगत बसविलेल्या चुंबकांवर चालते आणि त्या त्या सिग्नलपाशीच गाडीशी बोलते. आजची गरज यापेक्षा मोठी आहे. गाडी नेमकी कोठे आहे, तिचा वेग किती आहे, पुढची गाडी किती अंतरावर आहे, हे सतत कळत राहिले तर दोन गाड्यांमधील अंतर सुरक्षितपणे कमी करता येते आणि फेऱ्या वाढविता येतात. सुरक्षा आणि गर्दी हे दोन्ही प्रश्न येथे एकत्र येतात.

याच हेतूने मार्च २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘तीन-अ’ टप्प्याला मान्यता देताना रेडिओ संपर्कावर आधारित नवी गाडी-नियंत्रण यंत्रणा मंजूर केली. चर्चगेट-विरार मार्गासाठी २,३७१ कोटी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस-कल्याण मार्गासाठी २,१६६ कोटी आणि टर्मिनस-पनवेल मार्गासाठी १,३९१ कोटी, असे एकूण ५,९२८ कोटी रुपये तिच्यासाठी धरले होते. दोन गाड्यांमधील तीन मिनिटांचे अंतर दोन मिनिटांवर आणावे, हे उद्दिष्ट होते.

पुढे विचार बदलला. रेल्वेच्या लखनौ येथील संशोधन संस्थेने भारतीय कंपन्यांच्या साहाय्याने विकसित केलेली ‘कवच’ यंत्रणा पुढे आली. रुळांमधील खुणापट्ट्या, स्थानकांवरील यंत्रे, रेडिओ मनोरे आणि इंजिनातील संगणक यांच्या आधारे ती गाडीवर लक्ष ठेवते व चालक चुकल्यास ब्रेक लावते. रुळालगतच्या उपकरणांसाठी किलोमीटरमागे सुमारे ५० लाख आणि प्रत्येक इंजिनासाठी सुमारे ८० लाख रुपये, असा तिचा खर्च रेल्वेने सांगितला आहे. तिच्या चौथ्या आवृत्तीला जुलै २०२४ मध्ये मान्यता मिळाली. मात्र ‘कवच’ मुळात लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी घडविली गेली. दर तीन मिनिटांनी गाडी सुटणाऱ्या मुंबईसाठी पाचवी आवृत्ती डिसेंबर २०२५ पर्यंत तयार होईल आणि तिच्यामुळे फेऱ्या सुमारे ३० टक्क्यांनी वाढविता येतील, असे रेल्वेमंत्र्यांनी २०२५ मध्ये जाहीर केले.

स्वदेशी यंत्रणेचा अभिमान रास्त आहे. परदेशी कंपनीच्या मर्जीवर सुटे भाग अवलंबून राहू नयेत, ही भूमिकाही योग्य आहे. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. २०१९ मध्ये मंजूर झालेली यंत्रणा बसविण्यापूर्वीच तिच्या जागी दुसरीचा विचार सुरू झाला आणि दुसरीची योग्य आवृत्ती घडविण्यास वेळ लागणार, असे ठरले. या अदलाबदलीची किंमत वर्षांत मोजावी लागते, आणि ती वर्षे प्रवाशाच्या आयुष्यातील असतात.

कॅलिफोर्नियातील दोन उदाहरणे

या बाबतीत अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील दोन उपनगरी रेल्वेंची उदाहरणे उद्बोधक आहेत. १२ सप्टेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसजवळील चॅट्सवर्थ येथे ‘मेट्रोलिंक’ या उपनगरी रेल्वेची गाडी लाल सिग्नल ओलांडून समोरून येणाऱ्या मालगाडीवर आदळली. २५ जण मृत्युमुखी पडले. गाडीचा चालक त्या वेळी मोबाइलवर संदेश पाठवीत होता, असे चौकशीत निष्पन्न झाले. अवघ्या महिनाभरात तेथील संसदेने कायदा करून, चालक चुकला तरी गाडी थांबविणारी यंत्रणा २०१५ अखेरपर्यंत बसविणे बंधनकारक केले.

मेट्रोलिंकने, ज्या मालवाहू कंपन्यांच्या रुळांशी तिचे रूळ जोडलेले होते त्यांनी स्वीकारलेलीच यंत्रणा निवडली, २०१० मध्ये कंत्राट दिले आणि २०१५ मध्ये आपल्या मालकीच्या मार्गांवर ती सुरू केली. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ‘कॅलट्रेन’ने मात्र आपल्यापुरती वेगळी, अधिक गुणांची यंत्रणा घडवून घेण्याचे ठरविले. त्यासाठी २०११ मध्ये दिलेले कंत्राट काम रखडल्याने फेब्रुवारी २०१७ मध्ये रद्द करावे लागले. प्रकरण न्यायालयात गेले. २०१८ मध्ये दुसऱ्या कंपनीला कंत्राट देऊन, इतरांनी वापरलेली यंत्रणाच शेवटी बसविण्यात आली आणि ती २०२० च्या अखेरीस पूर्ण झाली. तोवर देशभरातील मुदतही दोनदा वाढवावी लागली होती.

नवे काही घडवूच नये, असा याचा अर्थ नव्हे. ज्या यंत्रणेचा दुसरीकडे अनुभव नाही ती घ्यावयाची, तर चाचणीचे टप्पे, प्रत्येक टप्प्याची तारीख आणि ती चुकल्यास पर्यायी मार्ग हे तिघेही कंत्राटात आधीच लिहिलेले असावेत, एवढाच याचा अर्थ. कायद्याने ठरलेली मुदत असल्यामुळे कॅलट्रेनला निदान जाब द्यावा लागला. आपल्याकडे घोषणेची तारीख उलटली तर कोणाला जाब द्यावा लागतो?

पस्तीस वर्षांचा करार

आता देखभालीकडे वळू. पूर्वी रेल्वे डबे विकत घेई आणि त्यांची देखभाल विरार, कांदिवली, कुर्ला, सानपाडा अशा आपल्या कारशेडमध्ये स्वतःचे कर्मचारी करीत. नव्या पद्धतीत गाडी बनविणाराच ती ३५ वर्षे सांभाळणार. या पद्धतीत एक शहाणपण आहे. केवळ विक्री करून मोकळा होणारा विक्रेता स्वस्त माल देऊ शकतो. त्याच गाडीची दुरुस्ती जन्मभर ज्याला करावयाची आहे, तो सहसा तसे करणार नाही. सर्वांत कमी किमतीची निविदा स्वीकारावयाची, हा सरकारी नियमही मग थोडा कमी घातक ठरतो. कारण तुलना खरेदीच्या किमतीची न राहता संपूर्ण आयुष्याच्या खर्चाची होऊ शकते.

पण याच पद्धतीत धोकेही आहेत. पहिला धोका, करार झाल्यावर मागण्या बदलण्याचा. शयनयान असलेल्या २०० वंदे भारत गाड्यांचे असेच ३५ वर्षांच्या देखभालीसह कंत्राट २०२३ मध्ये झाले. त्यातील १२० गाड्या आपल्या लातूरच्या कारखान्यात घडवावयाच्या होत्या. पुढे शौचालये, स्वयंपाकाचा डबा, सामानाची जागा यांविषयी रेल्वेने नव्या अपेक्षा मांडल्या, किमतीचा वाद उभा राहिला आणि कामाला विलंब झाला. काय हवे हे निविदा काढण्यापूर्वी ठरविणे हे खरेदीदाराचे कर्तव्य आहे. लोकलच्या बाबतीत दारांची रुंदी, महिला व अपंग यांची जागा, मालडबा, वीज गेल्यास हवा खेळती राहण्याची सोय, हे सर्व प्रवाशांना विचारून आधीच ठरविले पाहिजे. वसईच्या भाजीवाल्या भगिनीची टोपली बंद दाराच्या वातानुकूलित गाडीत कोठे ठेवावयाची, हा प्रश्न तंत्रज्ञांना क्षुल्लक वाटेल. तिच्यासाठी तो पोटाचा आहे.

दुसरा धोका, तपासणारा आणि तपासला जाणारा एकच होण्याचा. कंपनी म्हणेल गाडी ठीक आहे, आणि रेल्वेकडे ते पडताळून पाहणारी अनुभवी माणसे ३५ वर्षांत उरलेली नसतील, तर कराराच्या सर्व अटी कागदावरच राहतील. काकोडकर समितीने रेल्वे मंत्रालयापासून स्वतंत्र, वैधानिक सुरक्षा प्राधिकरणाची शिफारस केली होती ती याच भीतीपोटी. काम करणारा, नियम घालणारा आणि दोष शोधणारा हे तिघे वेगळे असावेत, हे समितीचे सूत्र होते. खासगी कंपनीकडे दीर्घकाळ देखभाल सोपविताना त्या सूत्राची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे.

यंत्र सांभाळणारी माणसे

यंत्रणा कितीही उत्तम असली तरी ती सांभाळणारे हात माणसांचे असतात. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकापाशी झालेल्या अपघातात २९० हून अधिक प्रवासी मरण पावले. ‘कवच’ नव्हते म्हणून हा अपघात झाला, असे त्या वेळी अनेकांनी म्हटले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत मात्र सिग्नलच्या जोडणीत झालेल्या सदोष फेरफारांकडे बोट दाखविले गेले. हिरवा सिग्नल दिसत असताना गाडी चुकीच्या रुळावर गेली. खाली जोडलेली तारच चुकीची असेल, तर वरचा संगणक तरी काय करणार?

२२ जानेवारी २०२४ च्या रात्री वसई रोड आणि नायगाव या स्थानकांच्या दरम्यान सिग्नलमधील बिघाड दुरुस्त करण्यास गेलेले पश्चिम रेल्वेचे तीन कर्मचारी लोकलखाली सापडून मरण पावले. हे आपल्या अगदी दारातले आहे. ज्यांच्या कामामुळे आपली गाडी सुखरूप पोहोचते, त्यांना अंधारात गाडी येत असल्याचा इशारा मिळत नाही, हे कोणत्या सुरक्षा तंत्रज्ञानात बसते? रुळांवर काम करणाऱ्यांना येणाऱ्या गाडीची सूचना देणारी ‘रक्षक’ नावाची उपकरणे उपलब्ध आहेत. हजारो कोटींच्या कंत्राटांत त्यांची किंमत नगण्य आहे. ती प्रत्येक तुकडीच्या हाती असणे, ही पहिली अट असावयास हवी.

भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०२२ मध्ये गाड्या रुळांवरून घसरण्याविषयी जो अहवाल दिला, तोही याच दिशेने बोट दाखवितो. रुळांच्या तपासणीत मोठी तूट आढळली. रुळांची अपुरी देखभाल हे घसरण्याचे एक प्रमुख कारण ठरले. आणि सुरक्षेसाठी राखलेल्या राष्ट्रीय रेल्वे संरक्षण कोषातील काही पैसा अनावश्यक वस्तूंवर खर्च झाला, असे त्यात नमूद आहे. मुंब्र्याच्या दुर्घटनेप्रकरणी नोव्हेंबर २०२५ मध्ये लोहमार्ग पोलिसांनी रुळांच्या देखभालीतील हलगर्जीच्या आरोपावरून दोन अभियंत्यांवर गुन्हा नोंदविला आणि त्याच्या निषेधार्थ रेल्वे कर्मचाऱ्यांनी आंदोलन केले. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. परंतु रात्रीचे जेमतेम तीन-चार तास आणि रविवारचा मेगाब्लॉक एवढाच वेळ ज्यांना रुळांसाठी मिळतो, त्यांच्यावरच सारी जबाबदारी टाकून वरिष्ठांना मोकळे होता येणार नाही. आपणही रविवारच्या मेगाब्लॉकवर त्रागा करतो. तो वेळ नाकारला तर किंमत आठवड्याच्या इतर दिवशी मोजावी लागते, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

वाणगाव आणि तिकीट

वाणगावच्या केंद्रामुळे रोजगार येईल, असे सांगितले जाते. येऊ शकेल. परंतु पालघर जिल्ह्याने बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा महामार्ग आणि वाढवण बंदर या प्रकल्पांच्या निमित्ताने भूसंपादनाचा अनुभव घेतला आहे. आदिवासी कुटुंबाची जमीन एकदा गेली की केवळ रोख मोबदल्याने ते कुटुंब पुन्हा उभे राहत नाही. केंद्र पस्तीस वर्षे चालणार असेल तर तेथील तंत्रज्ञाची नोकरी स्थानिक तरुणाला मिळावी, यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आजच अभ्यासक्रम सुरू झाले पाहिजेत. अन्यथा स्थानिकांच्या वाट्याला केवळ झाडलोट आणि पहारा येतो.

तिकिटाचा प्रश्नही सुरक्षेचाच आहे. मे २०२२ मध्ये वातानुकूलित लोकलचे एकेरी तिकीट निम्म्यापर्यंत स्वस्त केल्यावर प्रवासी वाढले. पण त्याच वर्षी कळवा, बदलापूर येथे साध्या फेऱ्यांच्या जागी वातानुकूलित फेऱ्या आल्याने प्रवासी रस्त्यावर उतरले. बंद दाराची सुरक्षा ज्याला परवडेल त्यालाच मिळाली आणि उरलेल्या साध्या गाड्यांत गर्दी वाढली, तर मृत्यू कमी न होता ते केवळ गरिबांच्या डब्यात सरकतील.

काय मागावयाचे?

विलंब अटळ असतो, असे आपल्याला सांगितले जाते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. नव्या पुलाला मंजुरी आधीच मिळाली होती. काम झाले नव्हते. त्यानंतर लष्कराला पाचारण करण्यात आले आणि फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस, म्हणजे सुमारे चार महिन्यांत, तेथे पूल उभा राहिला. याउलट डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झालेल्या विरार-डहाणू चौपदरीकरणाचे काम २०२५ संपतानाही पूर्ण झाले नव्हते. चार महिन्यांत पूल होऊ शकतो आणि नऊ वर्षांत रूळ होऊ शकत नाहीत, तेव्हा प्रश्न तंत्रज्ञानाचा नसून प्राधान्याचा आहे, हे उघड होते.

म्हणून प्रवासी संघटनांनी, लोकप्रतिनिधींनी आणि आपण सर्वांनी काही साध्या गोष्टींचा आग्रह धरावा. कंत्राटातील टप्पे व तारखा मराठीतून जाहीर व्हाव्यात. दर सहा महिन्यांनी किती काम झाले आणि का झाले नाही, हे स्थानकावर लावावे. देखभालीची तपासणी कंपनी व रेल्वे या दोघांहून वेगळ्या यंत्रणेने करावी आणि तिचा अहवाल लोकांना वाचावयास मिळावा. रुळांवर काम करणाऱ्या प्रत्येक तुकडीला इशारा देणारे उपकरण मिळाल्याविना रात्रीचे काम सुरू होऊ नये. आणि साध्या गाड्यांना बंद दारे बसविण्याचे काम नव्या गाड्या येईपर्यंत थांबवू नये.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो. वसई, नालासोपारा, विरार, पालघर येथील प्रवासी संघटना वर्षानुवर्षे ही कामे चिकाटीने करीत आल्या आहेत. त्यांच्या सभेला गाडी चुकवून का होईना, एकदा तरी गेले पाहिजे. ३५ वर्षांचा करार होतो, तेव्हा आज शाळेत जाणारी आपली मुले त्याच गाड्यांतून निवृत्तीच्या उंबरठ्यापर्यंत प्रवास करणार असतात. त्यांच्या वतीने आज प्रश्न विचारणारे कोणी तरी हवे.